‘तापट’ हा स्वभाव की लक्षण?



चार महिन्यांपूर्वी एका विहारात आरोग्य शिबिराला बसले होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन असं काम चाललं होतं. एक सासूबाई सुनेला हाताला धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, हिचं रक्त तपासा, आणि जमलं तर तापटपणावर एखादी गोळी द्या. भांडं आपटल्याशिवाय दिवस जात नाही आमच्या घरात." रांगेतल्या बाया हसल्या. सून हसली नाही.

मी विचारलं, "ही पहिल्यापासून तापट आहे का?"

सासूबाई जरा थांबल्या. "नाही हो. लग्नाला बारा वर्षं झाली, गरीब गाय होती. हे सगळं पावसाळ्यापासून सुरू झालं."

सुनेला दोन्ही हात पुढे करायला सांगितले. बोटं थरथरत होती. नाडी मिनिटाला ११० च्या वर. दोन वेळा पोटभर जेवूनही ब्लाउज ढिले होत चालले होते. रात्री झोप नाही, छातीत धडधड, थंडीतही पंखा हवा. तिला सरकारी दवाखान्यात नेलं, थायरॉइडची तपासणी केली. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. औषध सुरू झालं. आता भांडी आपटणं थांबलंय. सासूसुनेचे वाद अजून होतात, पण ते नळाच्या पाण्यावरून, जसे सगळ्यांच्या घरात होतात तसे.

त्या सहा-सात महिन्यांत तिला घरात, चाळीत, माहेरी एकच शब्द ऐकायला मिळाला होता: तापट. त्या शब्दाने सगळ्यांचं समाधान झालं, म्हणून कुणी पुढे काही विचारलंच नाही. आज आरोग्याच्या पानावर हा शब्द नीट समजून घेऊ.

शब्दाची फोड

‘तापट’ या शब्दात ‘ताप’ आहे. ताप म्हणजे उष्णता. अंगात येतो तो ताप, डोक्याला होतो तोही ताप, आणि त्याच घरातला शब्द संताप. त्याला शेवटी ‘ट’ लागला. हा ‘ट’ आपण रोज बोलतो. आंबट, खारट, तुरट, हेकट, रागीट. ज्याच्यात तो गुण मुळातच आहे, त्याला हा ‘ट’ लागतो. म्हणून तापट म्हणजे मुळातच लवकर तापणारा; ज्याच्या रागाला थोडीशी काडी पुरते असा माणूस.

इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा. कैरी आंबट असते. तो तिचा गुण. पण सकाळी गोड असलेलं दूध संध्याकाळी आंबट लागलं, तर आपण "या दुधाचा स्वभावच आंबट" असं म्हणत नाही. दूध नासलं म्हणतो आणि का नासलं ते बघतो. माणसाचंही तसंच आहे. लहानपणापासून जो लवकर तापतो, त्याला तापट म्हणा. जो काल शांत होता आणि आज तापतोय, त्याच्यासाठी हा शब्द चुकीचा आहे. तिथे कारण शोधायचं.

मराठीत त्यासाठी वेगळा शब्द आहेच: चिडचिड. आपण म्हणतो "तो तापट आहे", पण "माझी चिडचिड होतेय". तापट माणूस ‘असतो’, चिडचिड ‘होते’. असणं हा स्वभाव झाला. होणं ही अवस्था आहे, आणि अवस्थेमागे काहीतरी असतं.

जवळचे शब्द, वेगळे अर्थ

तापट लवकर तापतो आणि बहुतेक वेळा लवकर निवतोही. शीघ्रकोपी हा त्याचाच पुस्तकी भाऊ. रागीट म्हणजे ज्याला वारंवार राग येतो. नुसता चेहराही रागीट असू शकतो. चिडखोर किंवा चिडका म्हणजे क्षुल्लक गोष्टीवरून कुरकुरणारा, खेळात हरला की डाव मोडणारा. पोरं त्याला ‘चिडका बिब्बा’ म्हणतात. तुसडा राग नसतानाही तोडून बोलतो. खुनशी माणूस वरून शांत दिसतो, पण मनात धरून ठेवतो.

हा फरक आपल्या परंपरेतही ओळखलेला आहे. अंगुत्तर निकायात चार प्रकारच्या सापांची उपमा देऊन माणसं सांगितली आहेत. कुणाचं विष चटकन चढतं पण जहाल नसतं, म्हणजे राग वारंवार येतो पण टिकत नाही. कुणाला राग क्वचित येतो, पण आला की दीर्घकाळ राहतो. कुणाचे दोन्ही, कुणाचे एकही नाही. म्हणजे "राग येतो का?" एवढं विचारून भागत नाही. किती वेळा येतो आणि किती वेळ टिकतो, हेही बघावं लागतं. दवाखान्यात डॉक्टरही हेच विचारतात.

आणखी एक बघा. एकच उष्णता, पण माणूस बदलला की आपण शब्द बदलतो. घरातला कर्ता पुरुष ओरडला तर "तापट आहे, पण मनाचा चांगला". बाई ओरडली तर भांडकुदळ, कजाग. म्हातारी ओरडली तर "वयानं डोकं फिरलंय". पोर ओरडलं तर हट्टी. पुरुषाच्या शब्दापुढे ‘पण’ आहे, बाईच्या शब्दापुढे नाही. आणि आजार मात्र या चौघांपैकी कुणालाही असू शकतो.

माझी स्वतःची चूक

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. नर्स म्हणून नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. जनरल वॉर्ड, रात्रपाळी. पन्नाशीचे एक काका, शुगरचे पेशंट. पाळी बदलताना आधीच्या सिस्टरने सांगितलं, "सांभाळून, तापट आहेत." मीही तसंच धरून चालले.

रात्री एकच्या सुमारास ते शिव्या द्यायला लागले. चादर फेकली, मला ढकललं. मी म्हटलं, "काका, शांत झोपा, बाकीच्यांना त्रास होतोय." थोड्या वेळाने ते शांत झाले. मला हायसं वाटलं. मी दुसऱ्या पेशंटकडे वळले.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या आईने हाक मारली, "सिस्टर, हे बाबा घामानं भिजलेत बघा." जाऊन पाहिलं तर ते शुद्धीवर नव्हते. शुगर तपासली, ३८. संध्याकाळी इन्सुलिन दिलेलं होतं आणि काका जेवलेच नव्हते. डॉक्टरांना उठवलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले. सगळं कळल्यावर हात जोडून विचारलं, "सिस्टर, मी तुम्हाला काही वेडंवाकडं बोललो का?"

ते वाचले. त्या आईने हाक मारली नसती तर काय झालं असतं, हे मी अजून विसरलेले नाही. त्यांच्या शिव्या म्हणजे साखरेविना तडफडणाऱ्या मेंदूची हाक होती. मला ‘तापट’ हा शब्द आधीच सांगितलेला असल्यामुळे ती ऐकू आली नाही. आणि ते शांत झाले तेव्हा बरे होत नव्हते, जास्त खालावत होते.

चिडचिड हेच लक्षण असतं तेव्हा

जुलाब झालेल्या लहान मुलाचं उदाहरण घ्या. अंगणवाडी ताई आणि आशा ताईंना प्रशिक्षणात हे शिकवतात. मूल अस्वस्थ आणि चिडचिडं झालं, डोळे खोल गेले, पाणी अधाशासारखं पितं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर येते, यातली दोन लक्षणं दिसली तरी अंगातलं पाणी कमी झालंय असं समजायचं. लगेच ओआरएस सुरू करायचं आणि दवाखाना गाठायचा. बाजारात मिळणारं एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवा. अर्ध्या पाण्यात अर्धं पाकीट, असा अंदाज करू नका.

आणि तेच चिडचिडं मूल नंतर सुस्त, गप्प पडलं, पाणीही पीत नसलं, तर "झोपलं बिचारं" म्हणू नका. तो त्याहून मोठा धोका आहे. तसंच उठून दवाखान्यात जा.

मोठ्या माणसांत अचानक किंवा काही आठवड्यांत आलेल्या चिडचिडीमागे ही कारणं असू शकतात:

• साखर कमी होणं. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणारा माणूस जेवण चुकल्यावर घामाघूम होतो, थरथरतो, वेड्यासारखा चिडतो. शुगर ७० च्या खाली गेली की धोका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. १५ मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखान्यात न्या.

• रक्त कमी असणं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थकलेल्या अंगाला लहानसा आवाजही सहन होत नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदर बाईचं ११ च्या वर.

• थायरॉइड. वर सांगितलंच. भूक असून वजन उतरणं, धडधड, हात थरथरणं, घाम.

• बाळंतपणानंतर. पहिले काही दिवस रडू येणं, चिडणं पुष्कळ जणींना होतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. "आळशी झालीय, नखरे करते" असं म्हणू नका.

• पाळी जाण्याचं वय. साधारण ४५ ते ५० च्या आसपास. अंगातून वाफा, रात्रीची झोप मोडणं, त्यातून चिडचिड.

• दारू अचानक बंद होणं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की काही तासांत हात कापतात, घाम सुटतो, चिडचिड होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी नाही ते दिसायला लागतं, माणूस भ्रमात जातो. यात जीव जाऊ शकतो. खोलीत कोंडून दारू सोडवू नका, दवाखान्यात सोडवा.

• डोक्याला मार. बांधकामावर पडलेला, गाडीवरून पडलेला माणूस, विशेषतः म्हातारा किंवा पिणारा, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी वेगळाच वागायला लागला, डोकं दुखतं म्हणाला, तर तो जुना मार डॉक्टरांना सांगा.

• उन्हाळा. पत्र्याच्या घरात, उन्हात काम करताना माणूस बरळायला, उगाच भांडायला लागला आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, आणि लगेच दवाखान्यात न्या.

• औषधं. स्टिरॉइडच्या गोळ्या, फिटवरची काही औषधं, एमडीआर टीबीतलं सायक्लोसेरिन यांनी स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. औषध स्वतः बंद करू नका, दिलं त्या केंद्रावर सांगा.

• मनाचे आजार. उदासीचा आजार पुरुषांत कित्येकदा रडण्याऐवजी रागातून दिसतो. आणि झोप न घेताही उत्साह, मोठमोठ्या गप्पा, वारेमाप खर्च आणि अडवलं की संताप, हे चित्र वेगळ्या आजाराचं आहे. दोन्हींवर औषध आहे. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत सरकारी फोन आहे, मराठीत बोलता येतं.

म्हाताऱ्या माणसात लघवीचा संसर्ग, न सांगितलेलं दुखणं, कमी ऐकू येणं यांमुळेही चिडचिड वाढते. यातलं काहीच ‘बाहेरचं’ नसतं. भगताकडे जाण्यात आठवडे घालवू नका.

दोन गैरसमज

पहिला, "तापट माणसालाच बीपी होतो." रागात रक्तदाब तेवढ्यापुरता चढतो हे खरं. पण कायमचा वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही, आणि तो अत्यंत शांत माणसालाही असतो. तिशीनंतर सगळ्यांनी मोजून घ्या. १४० वर ९० किंवा जास्त पुन्हा पुन्हा आला तर उपचार हवेत.

दुसरा, "पित्ताची प्रकृती आहे, म्हणून राग." आपण ‘पित्त खवळलं’ म्हणतो. जुन्या ग्रीक वैद्यकातही रागीट स्वभावाचं मूळ पिवळ्या पित्तात आहे असं मानत. हा जुना समज भाषेत राहिला आहे. बोलायला हरकत नाही. पण त्यावर भरवसा ठेवून तपासणी टाळू नका.

मारणं म्हणजे तापटपणा नव्हे

बस्तीत फिरताना हे वाक्य हमखास ऐकते: "ताई, मारतो, पण तो तापटच आहे ना." मी उलट विचारते, "मुकादमासमोर तापतो का? पोलिसासमोर तापतो का?" उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. म्हणजे त्याला हात आवरता येतो. कुठे आवरायचा आणि कुठे नाही, हे तो ठरवतो. याला स्वभाव म्हणून पदरात घेऊ नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तुम्हाला संरक्षण आहे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. आजार असला तर उपचार करू, पण उपचार होईपर्यंत मार खात राहायचं असं कुठेही लिहिलेलं नाही.

कारण मोठं असेल तर शब्द बदला

रेशनच्या दुकानात माप कमी भरलं म्हणून बाई मोठ्याने बोलली, तर ती तापट नाही. गटारात उतरायला नकार देणारा कामगार तापट नाही. तापट तो, ज्याचा राग कारणापेक्षा मोठा असतो. कारणच मोठं असेल तर त्या रागाला संताप म्हणा. "वस्तीतले लोक भडक माथ्याचे" हे आपल्याबद्दल फार सहज बोललं जातं, दवाखान्याच्या ओट्यावरही. ते ऐकून घेऊ नका.

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला. उलट हात उचलायला माणसं तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि लढा मात्र सोडला नाही. संताप असणं आणि तापट असणं यातला फरक यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही.

खरंच तापट असाल तर

लहानपणापासूनच स्वभाव तसा असेल, तपासण्या नीट असतील, तरी तो थोडा हाताळता येतो. उपाशीपोटी आणि झोप अपुरी असताना वादाचा विषय काढू नका. तापलं की त्या जागेवरून उठा, पाणी प्या, बाहेर दहा मिनिटं चाला. विहारात आनापान शिकला असाल तर ते अशाच वेळी उपयोगी पडतं. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढंच बघा. दारू पिऊन राग शांत होत नाही, लगाम तेवढा सुटतो. आणि निवल्यावर ज्याला बोललात त्याची माफी मागा, पोरांचीसुद्धा.

डॉक्टरांना कसं सांगाल?

"हा फार तापट झालाय" एवढंच सांगितलं तर डॉक्टर हसून सोडून देतील. त्याऐवजी असं सांगा: "पहिले असा नव्हता. दोन महिन्यांपासून झालंय. जेवणाआधी जास्त होतं. रात्री तीन तासच झोपतो. वजन उतरलंय. अमुक गोळी चालू आहे." आधी १५ दिवस वहीत लिहून ठेवा: केव्हा चिडचिड झाली, काय खाल्लं होतं, झोप किती, दारू, गोळ्या, बाईची पाळी. ती वही घेऊन जा. ताप आला की आपण थर्मामीटर लावतो, तसंच हे.

महिला मंडळात चर्चेसाठी

१. तुमच्या घरात ‘तापट’ कुणाला म्हणतात? तो माणूस पहिल्यापासून तसा आहे, की मधेच झाला? केव्हापासून?

२. त्याच वागण्यासाठी घरातल्या बाईला कोणता शब्द वापरता?

३. घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर साखरेचा डबा कुठे आहे, हे घरातल्या पोरांना माहीत आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज रात्री जेवायच्या आधी घरात देऊन टाका. बाकीचे दोन रविवारी विहारात बोलू.

जय भीम. नमो बुद्धाय.